वाचक विचारतात : हजेरीपटातले नाव आणि उद्देशिकेतले ‘आम्ही’

पहिली ते चौथीच्या मुलांना स्वतःची ओळख आणि देशाची मूल्ये कशी शिकवावीत, या विषयावर गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे बहुतेक मुंबईतील पालकांची आणि शिक्षकांची आहेत. मुले ओळखू येऊ नयेत म्हणून पत्रलेखकांची आणि शाळांची नावे गाळली आहेत. लांब पत्रांचा केवळ सारांश दिला आहे.

प्रश्न : मी गोवंडी भागात तिसरीच्या वर्गाला शिकवते. ‘माझी ओळख’ या उपक्रमासाठी मुलांकडून एक तक्ता भरून घेतला. त्यात नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, मातृभाषा, धर्म आणि आवडता सण असे रकाने होते. एका मुलीने वडिलांच्या नावाची जागा कोरी ठेवली. एका मुलाने गावाच्या जागी ‘जौनपूर’ लिहिले होते, ते खोडून ‘मानखुर्द’ केले. तक्ते भिंतीवर लावायचे आहेत. या दोघांकडून ते नीट पूर्ण करून घ्यावेत काय?

उत्तर : घेऊ नयेत. शक्य असल्यास हे तक्ते या रूपात भिंतीवर लावूही नयेत.

आपण भरून घेतलेला तक्ता ओळखीचा कमी आणि प्रवेशअर्जाचा अधिक आहे. वडिलांचे नाव, जन्मगाव, धर्म, जात ही माहिती शाळेला लागते, ती जनरल रजिस्टरमध्ये नोंदलेली असते आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते. ती कार्यालयाची गरज आहे आणि ती तेथेच भागते. आठ वर्षांच्या मुलाला मोकळेपणाने ‘तू कोण?’ असे विचारले, तर त्याच्या उत्तरात यातले फारसे काही येत नाही. त्याला गाळलेल्या जागा भरायच्या नसतात. आपल्याला सायकल हात सोडून चालवता येते, रात्री मोरीत जायची भीती वाटते, आजी आपल्याला घरच्या नावाने हाक मारते आणि ते नाव शाळेत कुणाला कळता कामा नये, हे त्याला सांगायचे असते. ओळख ही मुलाने आपणहून सांगायची गोष्ट आहे. मोठ्यांनी ती विचारून काढायला सुरुवात केली की तिची चौकशी होते, आणि चौकशीला मुले काय उत्तर द्यायचे ते फार लवकर शिकतात. खोडलेले जौनपूर हे त्याचेच उदाहरण आहे.

कोऱ्या रकान्याचे कारण आपल्याला ठाऊक असणे योग्य आहे, कारण वर्गशिक्षिकेला मुलीच्या घरची परिस्थिती कळायलाच हवी. ते कारण चाळीस मुलांच्या नजरेसमोर टांगण्याचे मात्र काहीच प्रयोजन नाही. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांवर बालकाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवून दिला आहे. ती मुले पहिलीत यायला अजून काही वर्षे आहेत. परंतु वर्गाच्या भिंतीवर काय लिहायचे यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याची गरज नसते. वंशवृक्षाऐवजी ‘माझी माणसे’ असे एक पान करून घ्यावे : सकाळी मला कोण उठवते, माझा डबा कोण भरते, मला ताप आला तर रजा कोण घेते, घाबरलो तर मी कुणाला सांगतो. या प्रश्नांना आजी, मावशी, शेजारच्या काकू, मोठी बहीण, वसतिगृहातील ताई यांपैकी कोणतेही उत्तर चालते आणि एकही मूल उत्तरावाचून राहत नाही.

मुलाने गाव का खोडले हे त्याला सर्वांसमोर विचारू नये. बहुधा कुणीतरी काहीतरी बोलले असेल, आणि ते ‘काहीतरी’ काय असते हे मुंबईत राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. त्यापेक्षा वर्गात ‘मे महिन्यात गावाला जाणे’ हा विषय काढावा. संगमेश्वरला जाणारा मुलगा आणि जौनपूरला जाणारा मुलगा यांच्या घरी तिकिटांसाठी सारखीच धावपळ होते, दोघांच्याही घरी ‘वेटिंग’ हा शब्द सारख्याच काळजीने उच्चारला जातो आणि अनेकदा दोघेही कुर्ल्याच्या टर्मिनसावरूनच गाडी पकडतात. गाडीत किती वेळ जातो, बरोबर खायला काय नेतात, गावी पोहोचल्यावर पहिल्यांदा कोण भेटते, हे मुलांनी एकमेकांना सांगावे. वर्गातली जवळजवळ सगळीच मुले कुठून ना कुठून आलेल्या घरांतली आहेत, हे मग आपल्याला शिकवावे लागत नाही. ते मुलांनाच दिसते. ज्यांना गावच नाही, जी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच आहेत, अशा कोळीवाड्यातल्या किंवा गावठाणातल्या मुलांना या तासाला विशेष मान द्यावा. सुटीत सगळे निघून गेल्यावर ही मुंबई कशी दिसते, हे फक्त तीच सांगू शकतात.

याच संदर्भात एक गोष्ट आपण विचारलेली नसताना लिहितो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवसांत अनेक वर्गांमध्ये अमुक प्रवर्गाची मुले उभी राहा, असे मोठ्याने पुकारले जाते. हेतू चांगला असतो, घाई असते, अर्जाची मुदत संपत आलेली असते. तरीही त्या एका वाक्याने वर्षभराचा समानतेचा पाठ पुसला जातो. यादी कार्यालयात आहे. पालकांना चिठ्ठी द्यावी किंवा फोन करावा.

प्रश्न : माझा नातू विलेपार्ल्यात दुसरीत आहे. प्रतिज्ञा, राष्ट्रगीत आणि संविधानाची उद्देशिका हे सारे त्याला घडाघडा म्हणता येते. अर्थ विचारला की तो छताकडे पाहतो. आमच्या वेळी निदान प्रतिज्ञेचा अर्थ गुरुजी समजावून सांगत. न समजता पाठ केलेल्या मूल्यांचा उपयोग काय? त्यापेक्षा हे सारे पाचवीनंतरच का आणू नये?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, उपाय मात्र पटत नाही. पाठांतराला इतके कमी लेखू नये. आपल्या पिढीला शुभंकरोती, पाढे आणि कविता अर्थासकट कुठे येत होत्या? शब्द आधी तोंडात बसतात आणि अर्थ पुढे अनेक वर्षे त्यांत भरत राहतो. अडचण पाठांतराची नाही; परिपाठ संपला की त्या शब्दांशी दिवसभरात कुणाचाच संबंध येत नाही, ही आहे.

प्रतिज्ञेविषयी नातवाला सांगता येण्याजोगी एक गोष्ट आहे. ती मुळात तेलुगूमध्ये लिहिली गेली. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या लेखकाने ती १९६२ मध्ये लिहिली, तेव्हा ते विशाखापट्टणमला सरकारी कोषागारात अधिकारी होते; १९६५ च्या प्रजासत्ताक दिनापासून ती देशभरातील शाळांमध्ये म्हटली जाऊ लागली. पाठ्यपुस्तकाचे मुखपृष्ठ उलटल्यावर जी वाक्ये कुणीतरी आकाशातून टाकल्यासारखी छापलेली दिसतात, ती एका माणसाने कचेरीची नोकरी सांभाळून लिहिली, हे कळले की मुलांचा त्या वाक्यांकडे पाहण्याचा भाव बदलतो.

उद्देशिका प्रतिज्ञेपेक्षा अवघड आहे, हे खरे. ते एकच लांबलचक वाक्य आहे आणि ते मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिले आहे. त्यातील ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले, त्यावर आजही वाद होतात. ते वाद दुसरीच्या वर्गात नेण्याचे कारण नाही. दुसरीसाठी न्याय, स्वातंत्र्य, समानता आणि बंधुता हे चार शब्द पुष्कळ झाले, आणि त्यांचीही व्याख्या सांगायची नसते. ते शब्द वर्गातल्या रोजच्या भांडणांना लावून दाखवायचे असतात.

न्यायाचेच पाहू. बाई कार्यालयात गेल्या की मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बडबड करणाऱ्यांची नावे लिहितो. पुन्हा बोलले तर नावापुढे फुली, आणखी बोलले तर दुसरी फुली. मॉनिटरच्या मित्राचे नाव फळ्यावर येत नाही, ज्याच्याशी मधल्या सुटीत भांडण झाले त्याच्या नावापुढे मात्र तीन फुल्या असतात, हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. बहुधा फक्त बाईंना माहीत नसते. बाई परत येतात, फुल्या मोजतात आणि शिक्षा करतात. आता याच जागी बाईंनी एवढेच ठरवावे की ज्याचे नाव फळ्यावर आहे त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा होणार नाही, आणि मॉनिटर दर आठवड्याला हजेरीक्रमांकाने बदलेल. जो आज नावे लिहितो आहे त्याचे नाव पुढच्या आठवड्यात दुसरा लिहू शकतो, हे कळल्यावर खडू किती जपून चालतो ते पाहण्यासारखे असते. दुसऱ्या बाजूचे ऐकून घेणे, आरोप करणाऱ्यानेच निकाल न देणे, सत्ता एका हाती कायम न ठेवणे, या न्यायालयातल्या आणि लोकशाहीतल्या मोठ्या गोष्टी आहेत. त्या फळ्याच्या कोपऱ्यात मावतात.

समानतेच्या बाबतीत या वयाच्या मुलांची एक ठाम समजूत असते : सगळ्यांना सारखे मिळाले म्हणजे झाले. गोळ्या वाटताना एकाला दोन मिळाल्या तर ती आरडाओरडा करतात आणि ते योग्यच आहे. परंतु चष्मा असलेल्या मुलाला पहिल्या बाकावर बसवले, तर त्यावर कुणी आक्षेप घेत नाही. गोळ्यांना एक नियम आणि बाकाला दुसरा नियम का, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून शिक्षकाने गप्प बसावे. सात वर्षांची मुले या प्रश्नावर जे बोलतात ते पालकसभेत मोठ्यांकडून क्वचितच ऐकायला मिळते.

नातवाला आपण घरी अर्थ सांगू पाहत असाल तर त्याला शब्दांचे अर्थ विचारू नयेत. आज शाळेत कुणावर अन्याय झाला का, असे विचारावे. तो छताकडे पाहणार नाही. अर्धा तास बोलेल.

प्रश्न : माझ्या मुलीच्या वर्गात, चौथीत, एक मुलगा राष्ट्रगीताच्या वेळी सरळ उभा राहतो, पण गात नाही. त्याच्या घरचा धर्म तसे गाण्याची परवानगी देत नाही, असे तो सांगतो. मुलांनी त्याला ‘देशद्रोही’ म्हणायला सुरुवात केली आहे. माझी मुलगीही त्यांत आहे. तिला काय सांगावे, हे मला कळत नाही, कारण खरे सांगायचे तर मलाही त्याचे वागणे खटकते. — एक आई, मुलुंड

उत्तर : आपल्याला खटकते, हे आपण मान्य केले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. नेमका असाच प्रसंग सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. केरळमध्ये यहोवाचे साक्षी या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. मुलांच्या बाजूने ‘बिजो इमॅन्युएल’ या नावाने ओळखला जाणारा निकाल १९८६ मध्ये लागला. राष्ट्रगीत गायलाच हवे अशी सक्ती करणारा कायदा नाही, राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभे राहणारा त्याचा अवमान करत नाही, आणि प्रामाणिक धर्मश्रद्धेपोटी न गाणाऱ्या मुलांना शाळेतून काढणे हा त्यांच्या अभिव्यक्तीच्या आणि धर्माच्या स्वातंत्र्याचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि मुलांना परत प्रवेश देण्यास सांगितले.

मुलीला खटल्याचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. एवढे सांगावे की तो मुलगा सरळ उभा राहतो, हलत नाही, बोलत नाही. म्हणजे तो मान देतो आहे. शेजारी उभ्या असलेल्यांपैकी किती जण गाताना चुळबुळ करतात, हे तिने एकदा पाहावे, म्हणजे बाकीचे तिच्या लक्षात येईल. मात्र ‘देशद्रोही’ हा शब्द वर्गात पुन्हा उच्चारला जाणार नाही, हे वर्गशिक्षकांनी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. ती गोष्ट पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडवायची नाही. दहा वर्षांची मुले हा शब्द कुठून आणतात, याचे उत्तर त्या ग्रुपवरच सापडण्याची शक्यता आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक त्रास देण्यासही मनाई केली आहे. शिक्षकांच्या डोळ्यांदेखत असे चिडवणे चालू राहत असेल आणि ते स्वस्थ बसत असतील, तर शाळेला त्या कलमाची आठवण करून देण्यास हरकत नाही.

प्रश्न : मी मूळचा राजापूरचा, पत्नी तमिळ, आम्ही माटुंग्याला राहतो. आठ वर्षांच्या मुलीला शाळेत ‘तू मराठी की मद्रासी?’ असे विचारतात. परवा तिने आम्हाला विचारले, ‘मी नक्की काय लिहू?’ आम्ही ‘भारतीय लिही’ असे सांगितले. हे उत्तर बरोबर आहे ना?

उत्तर : चुकीचे नाही, परंतु तिने जे विचारले त्याचे ते उत्तर नाही. ‘भारतीय’ हा शब्द आपण येथे प्रश्न झाकण्यासाठी वापरला. तिच्या घरात सकाळी एक भाषा आणि संध्याकाळी दुसरी भाषा ऐकू येते, तिच्या एका आजीकडे गणपतीला उकडीचे मोदक असतात आणि दुसऱ्या आजीकडे कोळुकट्टै; हे सारे एका शब्दाखाली सरकवून दिले तर तिला वाटेल की यात लपवण्यासारखे काहीतरी आहे. तिने ‘मराठी आणि तमिळ’ असे लिहावे. रकाना लहान असेल तर अक्षर बारीक काढावे. आणि हो, ‘मद्रासी’ म्हणणाऱ्याला तिने ‘तमिळ’ असे नीट सांगावे. त्यात भांडण्यासारखे काही नाही.

एक दहा रुपयांची नोट तिच्या हाती द्यावी. पुढच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजी आहे. मागच्या बाजूला डावीकडे एक पट्टा असतो, त्यात पंधरा भाषांमध्ये ‘दहा रुपये’ असे लिहिलेले आहे. त्यातली मराठीची ओळ तिला लगेच सापडेल. तमिळची ओळ आईने दाखवावी आणि वाचून दाखवावी. मग उरलेल्या भाषांपैकी शेजाऱ्यांना कोणत्या वाचता येतात हे तिने इमारतीत फिरून शोधावे. माटुंग्यात गुजराती, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम वाचणारी दारे फार लांब नसावीत. एका नोटेवर इतक्या लिप्या दाटीवाटीने बसतात आणि तरी नोटेची किंमत सगळ्यांसाठी दहाच राहते, हे तिने स्वतः हाताळून पाहिले, तर ‘भारतीय लिही’ या आपल्या उत्तराला आशय मिळेल.

या शहराच्या शाळाही तशाच आहेत. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते, त्यांत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती आणि इंग्रजीबरोबर तमिळ, तेलुगू आणि कन्नडही आहेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय असावी, असे संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदात १९५६ च्या घटनादुरुस्तीने घातले गेले. आपल्या मुलीने मराठी उत्तम शिकावे, ते या राज्यात राहणाऱ्या प्रत्येकाने करावे असेच आमचे मत आहे. त्यासाठी तिने आईची भाषा दाराबाहेर ठेवण्याची गरज नाही.

प्रश्न : प्रजासत्ताक दिनाला शाळेत ‘विविधतेत एकता’ हा वेशभूषेचा कार्यक्रम आहे. माझ्या मुलाला ‘काश्मिरी मुसलमान’ व्हायचे आहे, असे चिठ्ठीत आले आहे. दाढी लावायची काय? — भांडुप

उत्तर : लावू नये. वर्गात प्रत्यक्ष मुसलमान मुले असतील, त्यांच्यापैकी कुणालाही दाढी नाही. दरवर्षी हे कार्यक्रम होतात आणि दरवर्षी शीख म्हणजे पगडी आणि भांगडा, दक्षिणेतला म्हणजे लुंगी, गोव्याचा म्हणजे गिटार, आदिवासी म्हणजे पिसे आणि ‘झिंगालाला’, असे ठरलेले साचे भाड्याच्या कपड्यांच्या दुकानातून घरोघर जातात. शाळेला सुचवून पाहावे की प्रत्येक मुलाने आपल्याच घरातील सणाला घालतो ते कपडे घालून यावे आणि ते कुणी शिवले किंवा कुठून आणले एवढे दोन वाक्यांत सांगावे. भाड्याचे पैसे वाचतील, हा युक्तिवाद पालकसभेत बहुधा सर्वाधिक चालेल.

प्रश्न : माझ्या मुलाला शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांतून एका खाजगी शाळेत प्रवेश मिळाला. मी घरकाम करते. तो दुसरीत गेल्यापासून ‘आई, तू शाळेत येऊ नको, मामाला पाठव’ असे म्हणतो. मित्रांना तो सांगतो की आम्ही टॉवरमध्ये राहतो. मी त्याला खोटे बोलू नको असे सांगते. पण खरे सांगून त्याला त्रास झाला तर? — अंधेरी

उत्तर : ताई, आपले पत्र आम्ही अनेकदा वाचले. मुलगा खोटे बोलतो हे या पत्रातले सर्वांत लहान दुखणे आहे आणि त्यावर आत्ता जोर देऊ नये. सात वर्षांच्या मुलाने टॉवरची गोष्ट रचली, ती कुणाला फसवण्यासाठी नाही. त्या वर्गात बसायला टॉवर लागतो असा त्याचा समज झाला आहे म्हणून. हा समज त्याला कुणी दिला, हे पाहायला हवे. तो घरातून आलेला नाही.

आधी कायद्याचे. विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशवर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील बालकांना द्याव्यात, हे २००९ च्या कायद्याच्या १२(१)(ग) या कलमात आहे. म्हणजे आपल्या मुलाची जागा हक्काची आहे, ती शाळेने केलेली मेहेरबानी नव्हे. या कायद्याखालच्या केंद्र सरकारच्या नियमांत असेही म्हटले आहे की अशा मुलांना वर्गात वेगळे बसवू नये, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी वा वेगळ्या वेळी भरवू नयेत, आणि पुस्तके, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांबाबत त्यांच्याशी भेदभाव करू नये. ‘आरटीईची मुले’ असा वर्गात उल्लेख होत असेल, सहलीच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या वेळी त्यांची वेगळी यादी वाचली जात असेल, तर त्याची लेखी तक्रार मुख्याध्यापकांकडे करावी आणि पोच घ्यावी. एकट्याने जाणे अवघड वाटत असेल तर त्याच वर्गातील इतर अशा पालकांसह जावे. शाळेत आपण एकट्या नाही.

मग वर्गशिक्षिकेला भेटावे, मुलासमोर नको. त्यांना सांगावे की ‘माझे घर’ किंवा ‘सुटीत मी कुठे गेलो’ असे निबंध आले की मुलाची पंचाईत होते. समजूतदार शिक्षिका हे विषय गाळणार नाहीत, बदलतील. ‘माझ्या घरातल्या एखाद्या माणसाला उत्तम जमणारे एक काम’ असा विषय दिला तर कुणाची आई पाच घरची कामे वेळेत उरकते, कुणाचे वडील विमानाचे इंजिन तपासतात, कुणाची आजी खेकडे साफ करते, हे सारे एकाच वहीत येते आणि त्यात वरखाली लावणे कठीण जाते.

मुलाशी बोलताना शाळेत येण्याचा हट्ट धरू नये आणि येणे सोडूही नये. प्रगतिपुस्तक घ्यायला आपणच जावे. तो दोन पावले पुढे चालला तर चालू द्यावे.

प्रश्न : पंधरा ऑगस्टला ‘माझा देश’ या विषयावर चित्रे काढायला सांगितली की चौथीची मुले फक्त सैनिक आणि बंदुका काढतात. सैनिकांविषयी आदर आहेच, पण दुसरे काही सुचत कसे नाही? — शिक्षक, कुर्ला

उत्तर : कारण दुसरे काही आपण त्यांना दाखवलेले नसते. निवडणुकीच्या आदल्या दिवशी आपणच मतदानयंत्रांच्या पेट्या घेऊन कुठल्यातरी केंद्रावर मुक्कामाला जाता, जनगणनेला आणि मतदारयाद्यांच्या कामाला आपणच घरोघर फिरता, आणि परत आल्यावर वर्गाला एवढेच कळते की सर दोन दिवस नव्हते. ते कुठे होते, शाई बोटाला कशी लावतात, यंत्र मोहोरबंद कसे करतात, रांगेत आमदार आला तरी त्याला एकच मत का, हे एका तासात सांगावे. मुलांच्या स्वतःच्या वर्गखोलीत मतदान होत असेल तर उत्तमच. त्यांचे बाक त्या दिवशी कुठे सरकवले होते तेही त्यांना हवे असते. पावसाळ्यात मॅनहोलपाशी उभा राहणारा पालिकेचा कामगार, पहाटेच्या पहिल्या लोकलचा मोटरमन, पोलिओचे थेंब पाजायला माळा चढून येणारी आरोग्यसेविका यांची चित्रे कुणी काढली नाहीत, कारण त्यांच्याविषयी पंधरा ऑगस्टला कुणी भाषण करत नाही. यांपैकी एखाद्या मुलाची आई किंवा वडीलच असतील, तर त्यांना वर्गात बोलवावे.

प्रश्न : दुसरी-तिसरीच्या मुलांना हे विषय समजावेत म्हणून मुंबईत कुठे नेता येईल? — पालक, घाटकोपर

उत्तर : एका दिवसात एकच भाग करावा. ग्रँट रोड स्थानकावरून चालत ऑगस्ट क्रांती मैदान गाठावे. गवालिया टँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मैदानात ८ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेसच्या अधिवेशनात ‘छोडो भारत’चा ठराव झाला, पहाटे नेत्यांची धरपकड झाली आणि दुसऱ्या दिवशी अरुणा असफ अली यांनी तेथे झेंडा फडकवला. तिथून मणिभवन चालण्याच्या अंतरावर आहे. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तेथे उतरत. वरच्या मजल्यावर त्यांच्या आयुष्यातील प्रसंगांचे छोटे बाहुल्यांचे देखावे आहेत, मुले तेथून हलत नाहीत. दुसऱ्या खेपेला दादरला जावे : हिंदू कॉलनीत डॉ. आंबेडकरांनी आपल्या पुस्तकांसाठी बांधून घेतलेले राजगृह आणि नंतर चैत्यभूमी. पुस्तके ठेवायला माणसाने घर बांधले, हे सात वर्षांच्या मुलाला संविधानसभेच्या कामकाजापेक्षा अधिक लवकर समजते, आणि त्याला समजेल तेथूनच सुरुवात करावी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादरला फार मोठी गर्दी असते. लहान मुलांना घेऊन जायचे तर दुसरा दिवस निवडावा. सकाळी लवकर निघावे, पाणी बरोबर ठेवावे आणि फलक वाचून दाखवण्याचा मोह आवरावा.